खालची दाढ काढली, आता पुढे? इम्प्लांट नीट करून घेण्याची रीत

खालच्या जबड्यातली पहिली मोठी दाढ मूल सहा वर्षांचं होत असताना येते. ती कुठल्या दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, दुधाच्या दाढांच्या मागे नवीनच उगवते. म्हणून घरात तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती पडायची नसते. पुढे ऐन तरुणपणी जी दाढ काढावी लागते ती बऱ्याचदा हीच. घास चावायचं सगळ्यात जास्त ओझं तिच्यावरच असतं, म्हणून हा लेख याच एका दाढेला धरून लिहिला आहे.

‘आतली आहे, दिसत नाही, राहू दे’ हा विचार सगळ्यात महागात पडतो. खोबणी भरून आली तरी त्या जागेत बदल चालूच राहतात. मागची दाढ पुढे कलते, वरची दाढ खाली उतरू लागते आणि कललेल्या दाढेखाली अन्न अडकून तिलाही कीड लागते. शिवाय दाताचं मूळ नसलं की त्या जागचं हाड झिजतं. पहिल्या वर्षात हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. तीन वर्षांनी इम्प्लांट करायला गेलेल्या माणसाला ‘हाड कमी आहे, भरावं लागेल’ असं ऐकावं लागतं ते यामुळे.

फायदा नेमका कुठे आहे

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर अबटमेंट नावाचा जोडतुकडा आणि त्यावर कॅप. टायटॅनियमला हाड थेट चिकटतं ही गोष्ट स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या संशोधनातून पुढे आली आणि १९६५ साली त्यांनी गॉथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. तो रुग्ण २००६ साली वारला, तेव्हाही ते इम्प्लांट त्याच्या तोंडात काम करत होते.

सगळ्यात मोठा फायदा शेजारच्या दातांना होतो. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात, करायचा तर पुढचा आणि मागचा असे दोन दात चारही बाजूंनी घासावे लागतात. ते धडधाकट असतील तर एका दातासाठी दोन चांगल्या दातांचं कवच जातं. इम्प्लांट स्वतःच्या पायावर उभा राहतो, शेजाऱ्यांना हात लागत नाही. दुसरा फायदा हाडाचा: चावण्याचा भार हाडापर्यंत पोचतो म्हणून त्याची झीज आटोक्यात राहते. काढती कवळी नुसती हिरडीवर टेकते, तिला हे जमत नाही. भाकरी, शेंगदाणे, सुकं खोबरं त्या बाजूने चावता येतं ते त्यामुळेच. आणि धातूला कीड लागत नाही, रूट कॅनलचा प्रश्नच येत नाही.

पण शेजारच्या दोन्ही दातांवर आधीपासून कॅप असेल, तर ब्रिज हा वाईट पर्याय नाही. अशा वेळी इम्प्लांटचा आग्रह धरू नये.

आधी काय तपासायचं

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७ च्या आसपास हवी. ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा, मग इम्प्लांट. साखर वाढलेली असली की जखम उशिरा भरते आणि हाड धरण्याआधीच जंतुसंसर्ग होतो. सिगारेट, बिडी ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतं. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती निदान हाड धरेपर्यंत पूर्ण बंद हवी. खरं तर कायमचीच.

गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्यांनी घरीच एक चाचणी करावी: आपली तीन बोटं एकावर एक धरून, उभी, पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील तर तोंड कमी उघडतं आहे. गालाची आतली त्वचा पांढरट आणि ताठ झाली असेल तर तो सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो. त्याचं निदान आणि उपचार आधी, कारण हा आजार कर्करोगाकडे वळू शकतो. शिवाय मागच्या दाढेच्या जागी ड्रिल सरळ उभं धरायला तोंड साधारण ३५ मिमी उघडावं लागतं. त्याहून कमी उघडत असेल तर ड्रिल तिरकं जातं आणि इम्प्लांटही तिरकाच बसतो.

हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी, वर्षाचं झोलेड्रोनेट किंवा सहा महिन्यांचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर ते न विचारताही सांगा. या औषधांवर असताना जबड्याचं हाड उघडं पडून सडण्याचा धोका असतो. घरातल्या वयस्कर बायकांना ‘कॅल्शियमची गोळी’ म्हणून दिलेली गोळी बऱ्याचदा अलेंड्रोनेट निघते, म्हणून पाकीटच सोबत न्या. रक्त पातळ करण्याची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

वयाची वरची मर्यादा नाही. खालची आहे: जबड्याची वाढ थांबल्याशिवाय, म्हणजे मुलींमध्ये साधारण १८ आणि मुलांमध्ये २० च्या आसपास, इम्प्लांट बसवत नाहीत. वाढत्या जबड्यात तो जागच्या जागी राहतो आणि शेजारचे दात वर निघून जातात.

सीबीसीटी पाहताना

साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन लागतो आणि खालच्या दाढेसाठी तो टाळू नये. स्कॅन समोर ठेवून डॉक्टरांना दोन मापं विचारा. दाढेला साधारण ४.५ ते ५ मिमी जाडीचा इम्प्लांट लागतो. ४.५ मिमी धरला आणि दोन्ही बाजूंना दीड दीड मिमी हाड राखायचं म्हटलं, तर रुंदी ७.५ मिमी हवी. दुसरं माप उंचीचं. जबड्यातून जाणारी नस खालचा ओठ आणि हनुवटीला संवेदना देते. तिच्या वर निदान २ मिमी अंतर मोकळं सोडायचं, म्हणजे १० मिमी लांबीच्या इम्प्लांटला १२ मिमी उंची पाहिजे. ही २ मिमीची राखीव जागा उगीच नसते: ड्रिलचं टोक त्याच्यावरच्या खुणेपेक्षा मिलिमीटरभर जास्त खोल जातं. शेजारच्या दातापासूनही दीड मिमी अंतर हवं. वरची दाढ खाली उतरली असेल तर कॅपच्या उंचीला जागा पुरते का, हेही याच वेळी पाहून घ्या. वरच्या दाढांच्या बाबतीत नस नसते, पण सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची पोकळी असते. हाड तिथे मऊ असतं आणि कधी सायनसचा पडदा उचलून हाड भरावं लागतं.

हाड भरायचं ठरलं तर एक प्रश्न आधीच विचारा: ते कशापासून बनलेलं आहे? बाजारातले बरेच हाडाचे दाणे गाय-बैलाच्या हाडापासून आणि वरचा पडदा गाय किंवा डुकराच्या कोलॅजनपासून बनतो. कुणाला चालतं, कुणाला नाही. कृत्रिम दाणेही मिळतात. हे ऑपरेशनच्या खुर्चीत बसण्याआधी ठरलेलं बरं.

खर्चही तुकड्यातुकड्यांत लिहून मागा. ‘इम्प्लांटचे इतके’ असं सांगितलं की त्यात नुसता स्क्रू आहे की अबटमेंट, कॅप, स्कॅन आणि हाडसुद्धा, हे कळत नाही. अर्ध्या वाटेवर निघालेले वाद बहुतेक इथूनच सुरू होतात.

ऑपरेशनच्या दिवशी

पोटभर जेवून जा, बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. दात काढायला देतात तीच भूल असते. हिरडी उघडून आधी २ मिमीचं ड्रिल, मग एकेक जाड असं करत भोक रुंद करतात. प्रत्येक वेळी थंड सलाइनची धार हाडावर पडत राहते. हाडाचं तापमान मिनिटभर ४७ अंशांपर्यंत गेलं तरी तिथल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या हाडाला टायटॅनियम चिकटत नाही. बोथट ड्रिल आणि घाईने दिलेला दाब ही त्या उष्णतेची नेहमीची कारणं. इम्प्लांट हळू फिरवत आत जातो. शेवटी रॅचेटवर, म्हणजे आवळायच्या पान्यावर, किती जोर लागला ते पाहतात. ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर आला तर पकड चांगली. फार कमी आला तर हिरडी पूर्ण शिवून इम्प्लांट आत झाकून ठेवतात, चांगला आला तर वर छोटी हीलिंग कॅप, म्हणजे तात्पुरतं झाकण लावतात.

निघण्यापूर्वी एक वस्तू मागून घ्या. इम्प्लांट निर्जंतुक कुपीत येतो आणि सोबत सोलून काढायचे छोटे स्टिकर असतात: कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी, लॉट नंबर. एक फाइलला लागतो, एक तुमच्या कार्डावर चिकटवून घ्यायचा. दहा वर्षांनी पुणे सोडून बंगळुरूत किंवा दुबईत असताना स्क्रू ढिला झाला, तर तिथल्या डॉक्टरांना कुठला ड्रायव्हर आणि कुठला सुटा भाग लागेल हे या स्टिकरवरूनच कळतं. कंपनीगणिक आतली खाच वेगळी असते.

घरी आल्यावर

पहिले २४ तास चूळ जोरात भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने ओढून पिऊ नका. गालावरून बर्फ १० मिनिटं लावा, १० मिनिटं काढा. मऊ भात, वरण, ताक, लापशी, सगळं कोमट किंवा गार. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. चौथ्या दिवसानंतर ती वाढत असेल, ठणका लागला असेल किंवा ताप असेल तर फोन करा. दुसऱ्या दिवसापासून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने दिवसातून दोनदा चूळ. ब्रश केल्यावर अर्धा तास जाऊ द्या, टूथपेस्टमुळे तिचा जोर कमी होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. टाके सात ते दहा दिवसांनी निघतात.

एका गोष्टीत मात्र वाट पाहू नये. भूल चार-सहा तासांत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावरही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर तो पहिल्या दिवस-दीड दिवसात काढला किंवा थोडा वर घेतला तर नस सावरण्याची शक्यता चांगली असते. पुढे ती कमी होत जाते.

थांबायचा काळ आणि कॅप

खालच्या जबड्यात हाड धरायला दोन ते तीन महिने, वरच्या जबड्यात तीन ते सहा. या काळात दुखत नाही, म्हणून लोक त्या बाजूने कडक चावू लागतात आणि हीलिंग कॅपवर भार येतो. इम्प्लांट मिलिमीटरच्या अंशाने हलत राहिला तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतू बनतात आणि तो कधीच घट्ट होत नाही. अबटमेंट आवळताना तो दुखला किंवा फिरला तर समजायचं की हाड धरलेलं नाही. तो काढून, दोन-तीन महिने जागा भरू देऊन पुन्हा बसवता येतो.

कॅप दोन प्रकारे लागते, स्क्रूने किंवा सिमेंटने. खालच्या दाढेला स्क्रूची घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. वरच्या भोकावर दाताच्या रंगाचं फिलिंग असतं. ढिली झाली की ते काढून पुन्हा आवळता येते. सिमेंटच्या कॅपमध्ये हिरडीखाली सिमेंटचा कण राहिला तर तिथेच पू धरतो, आणि तो कण बाहेरून दिसत नाही.

खऱ्या दाताला हाडाशी जोडणारा तंतूंचा पातळ थर असतो. घासात खडा आला की दात चटकन सांगतो ते त्या थरामुळे. इम्प्लांटला तो थर नाही, म्हणून जास्त दाब पडला तरी लवकर कळत नाही. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री घालायचा नाइट गार्ड लागेलच.

याच कारणाने बिघाडही मुकाट्याने वाढतो. इम्प्लांटभोवतीच्या हिरडीला सूज येऊन हाड झिजू लागलं तरी दुखत नाही, फक्त ब्रश करताना रक्त येतं. ते रक्त ही पहिली खूण, आणि ती गंभीरपणे घ्या. रोज रात्री इंटरडेंटल ब्रश दोन्ही बाजूंनी आतपर्यंत फिरवा. त्याची तार प्लॅस्टिकने मढवलेली असावी, उघडी तार टायटॅनियमला ओरखडे पाडते. कॅप बसवली त्या दिवशी एक एक्स-रे काढून ठेवा, म्हणजे दर वर्षीचा त्याच्याशी ताडून पाहता येतो. पहिल्या वर्षात मिलिमीटर-दीड मिलिमीटर हाड उतरणं चालतं, त्यानंतर वर्षाला ०.२ मिमीच्या आत राहायला हवं.

कॅप जिभेला जराशी हलल्यासारखी वाटली, तर इम्प्लांट गेला असं धरून घाबरू नका. बहुतेक वेळा आतला छोटा स्क्रू ढिला झालेला असतो आणि दहा मिनिटांत आवळून होतो. मात्र त्याच आठवड्यात जा, आणि तोवर त्या बाजूने चावू नका. ढिल्या स्क्रूवर चावत राहिलं तर तो आत मोडतो आणि मोडलेला तुकडा काढणं हे नवा इम्प्लांट बसवण्यापेक्षा किचकट काम आहे. जाताना स्टिकर लावलेलं कार्ड सोबत न्या.