फिशटँकमध्ये गवत वाढवायचंय? व्हॅलिसनेरिया लावा

टँकमध्ये गवत हवं म्हटलं की बरेच जण आधी त्या बारीक कार्पेटवाल्या हेअरग्रासच्या मागे लागतात, मग सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलिंडर, भारी लाईट, एवढं करून शेवटी सगळीकडे शेवाळंच. त्यापेक्षा मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया (लांब, पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती) आणि पुढे बुटकी सॅजिटेरिया (तशाच पानांची, पण ठेंगणी) लावा. दोन्हीला सीओटू लागत नाही, बोअरचं जड पाणी तर व्हॅलिसनेरियाला उलट मानवतं. फक्त गोल्डफिश असेल तर विचार करा, तो सगळं उपटून ठेवतो.

तळाला २-३ मिमीची खडी किंवा जाडसर वाळू साधारण ५ सेमी थर होईल एवढी घ्या, धुऊन. रोप कुंडीत आलं असेल तर मुळांभोवती मातीऐवजी भरलेली लोकर (रॉकवूल) काढून टाका, कुजलेली पानं काढा, मुळं कात्रीने थोडी छाटा आणि चिमट्याने खडीत खोचा.

आता खरी मेख. पानं जिथून फुटतात तो पांढरट गड्डा खडीच्या वर दिसला पाहिजे, तो पुरला की रोप कुजतं. मी पहिल्यांदा सगळी रोपं छान खोल पुरली होती, वर तरंगू नयेत म्हणून, आठवड्यात सगळी गेली!

लावल्यावर जुनी पानं पारदर्शक होऊन गळतील, घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतील तर दोन-तीन आठवड्यांत मधून नवीन पान येतं. लाईट रोज ६ ते ८ तास, टायमर लावलात तर उत्तम. मुळांजवळ खताची एखादी गोळी दोन-तीन महिन्यांनी दाबायची, कारण नुसत्या खडीत खायला काहीच नसतं. दुकानात 'लिक्विड कार्बन' म्हणून बाटली मिळते ती मात्र टाळा, व्हॅलिसनेरिया त्याने वितळते.

एकदा रुळली की रनर (टोकाला नवीन रोप येणारी आडवी फांदी) सोडते, त्या पिल्लाला तीन-चार पानं आणि मुळं आली की रनर कापून हवं तिथे लावा. पानं फार लांब झाली तर मधे कापू नका, टोकं तपकिरी होतात, अख्खं पान बुडातून काढा. आणि कधी स्प्रिंगसारख्या दांडीवर इवलंसं फूल पाण्यावर आलेलं दिसलं तर ते मादी फूल, नर फुलं खालून सुटून तरंगत तिच्यापर्यंत जातात आणि काम झालं की दांडी वेटोळं घालून फूल परत खाली ओढून घेते.