संगमरवरातल्या समस्थानिकांचे आकडे वाचताय? या चुका टाळा

चवथ उरकली की भूशास्त्राची एक-दोन पोरं माझ्याकडे हमखास येतात. यंदा आलेल्याच्या हातात प्रयोगशाळेचा तक्ता होता. "सर, ऑक्सिजन उणे १४ आलाय. समुद्राचं तापमान काढायच्या सूत्रात घातला तर तापमान १०० अंशांच्या घरात जातं. तेव्हा समुद्र उकळत होता?"

नव्हता रे बाबा. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, आणि हे आकडे म्हणजे जड अणू (ऑक्सिजन-१८, कार्बन-१३) ठरलेल्या प्रमाणनमुन्यापेक्षा हजारी किती जास्त किंवा कमी आहेत ते. दगड राजस्थानच्या सहलीतून आणलेला, पांढराशुभ्र. संगमरवर म्हणजे उष्णतेत आणि दाबाखाली नव्याने स्फटिक झालेली चुनखडी किंवा डोलोमाइट (चुनखडीचा मॅग्नेशियमवाला भाऊ). त्या काळात खडकातून जे पाणी झिरपतं त्यात ऑक्सिजन भरपूर, कार्बन नाममात्र. म्हणून ऑक्सिजन-१८ चं मूळ प्रमाण आधी पुसलं जातं, कार्बन-१३ चं बरंचसं टिकतं. संगमरवराला जुन्या समुद्राचं तापमान विचारूच नका. कार्बनचं विचारा.

तेही डोळे मिटून नाही. माझ्या उमेदवारीत मी संगमरवरातल्या एका करड्या पट्ट्यावर डेंटिस्टचं ड्रिल चालवलं, कार्बन उणे ५ आला, आणि वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: हिमगोल पृथ्वी! सुमारे ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाहिमयुगांनंतर साचलेल्या चुनखडकांत असे उणे आकडे मिळतात, हे नुकतंच वाचलेलं. दुसऱ्या दिवशी भिंग लावलं तर पट्ट्यात ग्रॅफाइटच्या काळ्या चकचकीत टिकल्या. गरम खडकात ग्रॅफाइट आणि कॅल्साइट (चुनखडीचं मुख्य खनिज) कार्बनची देवघेव करतात आणि कॅल्साइट हलकं होतं. दोन बोटांवरच्या पांढऱ्या भागाचा आकडा शून्याच्या जरा वर निघाला. ते पान अजून जपून ठेवलंय. डायोप्साइड, ट्रेमोलाइट, वोलॅस्टोनाइट ही सिलिकेट खनिजं दिसली तरी तोच सावधपणा ठेवा: सिलिका आणि कार्बोनेटच्या अभिक्रियेत सुटलेला कार्बन डायऑक्साइड जड कार्बन घेऊन जातो, मागे हलका उरतो.

खटाटोप कशासाठी, तर नीट टिकलेला दगड फार मोठी गोष्ट सांगतो. झिम्बाब्वेच्या लोमागुंडी भागातल्या २०० कोटी वर्षांहून जुन्या कार्बोनेटांत कार्बन अधिक १० च्याही वर जातो. एरवी सागरी चुनखडी शून्याच्या आसपास असते. प्रचलित उलगडा असा, की सेंद्रिय गाळाबरोबर हलका कार्बन प्रचंड प्रमाणात गाडला गेला आणि समुद्रात जड उरला. असं गाडणं म्हणजे हवेत ऑक्सिजन साठायला वाव.

आपल्याकडे गोव्यात डिचोली फॉर्मेशन या खडकथरांमधली चुनखडी घेणार असाल तर वरची साल आधी उडवा. आपल्या पावसात पृष्ठभागावर आणि भेगांत नवं कॅल्साइट साचतं, त्यात झाडामुळांकडून मातीत आलेला हलका कार्बन असतो.

ऑक्सिजनचे सगळेच आकडे सुमारे ३१ ने जास्त दिसले तर घाबरू नका, तक्ता समुद्राच्या पाण्याशी तुलना करणाऱ्या मोजपट्टीवर (VSMOW) आहे, कार्बोनेटच्या (VPDB) नाही. प्रयोगशाळेत भुकटी फॉस्फोरिक आम्लात विरघळवून सुटलेला वायू मोजतात; डोलोमाइट त्यात सावकाश विरघळतं, कॅल्साइटचा वेळ लावलात तर वायू अर्धवट सुटतो. पाठवण्याआधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. अख्ख्या दगडावर गप्प आणि भुकटीवर फसफस, म्हणजे बहुधा डोलोमाइट. चिठ्ठीवर तसं लिहा.

त्या पोराच्या तक्त्यात कार्बनचा रकाना शेजारीच होता: अधिक १.४. त्याने तो वाचलाच नव्हता.