नकाशावर ऑस्प्रेचा माग कसा काढावा

पाठीवर ट्रान्समीटर लावलेले ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारे शिकारी पक्षी, ऑगस्टच्या मध्यापासून स्कॉटलंड-इंग्लंडहून पश्चिम आफ्रिकेकडे निघतात. ऑक्टोबर संपेपर्यंत पणजीत बसून त्यांचा माग काढता येतो. फोन आणि एक वही एवढं पुरे.

आधी एक गैरसमज निकालात काढते. मांडवीवर मासा उचलताना दिसतो तो नकाशावरचा पक्षी नव्हे. ब्रिटनचे ऑस्प्रे सेनेगल, गांबिया, गिनी-बिसाव या भागात हिवाळा काढतात; आपल्याकडे येतात ते आशियाच्या उत्तरेकडचे. तरी ‘आपला स्कॉटिश पाहुणा चोडणला पोचला’ असे संदेश फिरतात आणि लोक पुढे ढकलतात. ढकलू नका.

पक्षी निवडताना एक प्रौढ मादी आणि एक यंदाचं पिल्लू घ्या. मादी सगळ्यांच्या आधी निघते. नर मागे राहून पिल्लांना मासे पुरवतो. मग पिल्लूही एकटंच निघतं, वाट दाखवायला आईबाप सोबत नसतात. अनुभवी मादीला रस्ता ठाऊक असतो. पिल्लू पूर्वेचा वारा लागला की बिस्केच्या उपसागरावर भलतीकडे ढकललं जातं. हे दोन मार्ग शेजारी ठेवले की स्थलांतर म्हणजे काय ते कळतं. डझनभर पक्षी निवडणाऱ्याचं पंधरवड्यात एकाकडेही लक्ष राहत नाही.

नकाशा मूव्हबँकवर बघा. प्राण्यांच्या प्रवासाच्या नोंदींचा, जर्मनीच्या मॅक्स प्लँक संस्थेचा हा माहितीसाठा आहे, खातं फुकट. शोधताना पँडियन हॅलिएटस हे शास्त्रीय नाव रोमन लिपीत टाका. काही अभ्यासांचे मार्ग सर्वांना खुले असतात, काहींचे नसतात; बंद असेल तो सोडून पुढचा बघा. नवख्यांना रॉय डेनिस वाइल्डलाइफ फाउंडेशनचे नकाशे जास्त सोपे जातील.

इथवर कुणालाही जमतं. खरी मेख आहे बिंदू वाचण्यात. मलाही हे सगळ्यात उशिरा जमलं, कारण नकाशावर दिसते ती रेघ, आणि रेघ फसवी असते. पक्ष्याने पाठवलेले असतात फक्त बिंदू. दोन बिंदू सरळ जोडण्याचं काम संगणक करतो. त्यामुळे रेघ डोंगरावरून गेली म्हणजे पक्षी डोंगरावरून गेला असं होत नाही. रेघ लपवायची सोय असेल तर लपवा, आणि आधी नुसते बिंदू बघा.

मग घड्याळ. बिंदूंची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. सगळ्या वेळा भारतीय करून घ्या असा सल्ला मिळतो; तो ऐकू नका. सप्टेंबरात सेनेगलमध्ये सूर्य साधारण सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. भारतीय वेळ लावलीत तर मुक्कामाला झाडावर बसायला निघालेला पक्षी तुम्हाला मध्यरात्री भटकताना दिसेल. सेनेगलचं घड्याळ यूटीसीप्रमाणेच चालतं, तिथे काहीच बदलावं लागत नाही. स्पेनपर्यंतच्या प्रवासाला तिथली स्थानिक वेळ धरा.

आणि शांतता. एक दिवस बिंदू यायचे थांबतात आणि ‘मेला बिचारा’ सुरू होतं. बरेचसे टॅग, म्हणजे पाठीवरचे ट्रान्समीटर, मोबाइल नेटवर्कवरून माहिती पाठवतात. नेटवर्क नसेल तर बिंदू टॅगमध्येच साठतात आणि टॉवर सापडला की एकदम येतात. सहारात टॉवर कुठून असणार? शिवाय बॅटरी सौरऊर्जेवर चालते. ढग साचले किंवा पिसं पॅनेलवर आली की नोंदी विरळ होतात. तेव्हा भागाकार करा. समजा शेवटचा बिंदू मोरोक्कोत अगादीरजवळ आहे आणि पुढचा सहा दिवसांनी सेनेगल नदीच्या मुखाशी, सेंट लुईला. अंतर अंदाजे 1,750 किलोमीटर. दिवसाला 290 पडले, आणि प्रवासात असलेल्या ऑस्प्रेसाठी ही नेहमीची चाल आहे. पक्षी ठणठणीत आहे. चवथीच्या गडबडीत आठवडाभर नकाशा उघडला नाहीत तरी काही बिघडत नाही. उलट गणपतीवरची माटोळी उतरवून बसाल तेव्हा अख्खा वाळवंटाचा टप्पा एकदम समोर येईल.

बिंदू येत आहेत पण जागचे हलत नाहीत, हे प्रकरण वेगळं. नकाशा मोठा करा. जिवंत ऑस्प्रे नदीच्या वळणावर थांबला असेल तर त्याचे रात्रीचे बिंदू एका झाडाशी आणि दिवसाचे पाण्याकडे जाऊन-येऊन असतात. असा मुक्काम आठवडाभर किंवा त्याहून जास्त चालू शकतो. दिवस-रात्र एकाच ठिकाणी काही मीटरांत विखुरलेले बिंदू मात्र वाईट लक्षण. तेव्हाही टॅग गळून पडलेला असू शकतो. दोन आठवडे थांबा, अभ्यास करणाऱ्यांना बोलू द्या. तुम्ही जाहीर करू नका.

वारा बघायला नलस्कूलचा नकाशा. त्यात मागची तारीख लावता येते. वहीत तारीख, जागा, अंतर, वारा, बस्स.

पिल्लू आफ्रिकेत पोचलं की पुढच्या उन्हाळ्यात परत येईल म्हणून डोळे लावून बसू नका. पहिला उन्हाळा ते तिथेच काढतं, सहसा दोन वर्षांचं झाल्यावर उत्तरेला येतं.

ऑक्टोबरपासून आपले ऑस्प्रे बघायला रायबंदरहून चोडणची फेरीबोट पकडा. पाण्यात रोवलेले खुंट आणि कांदळवनाच्या कडेची वाळकी झाडं आधी चाळा. ब्राह्मणी घारीला ऑस्प्रे म्हणणं ही इथली जुनी खोड. तिचंही डोकं पांढरं असतं, पण पोट आणि पाठ तांबूस. ऑस्प्रे खालून पांढरा, डोळ्यावरून मानेकडे गेलेला गडद पट्टा, उडताना पंख मनगटात वाकलेले. समुद्री गरुडही खालून पांढरा दिसतो, पण तो बराच मोठा आणि त्याला डोळ्यावरचा पट्टा नसतो. मासा पकडलेला असेल तर शंकाच नको: ऑस्प्रे तो डोकं पुढे करून, अंगाच्या रेषेत धरून नेतो. पायात कडी दिसली तर फोटो काढून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा.

नोव्हेंबरात हीच वही अमूर ससाण्यांसाठी उघडा. 2013 साली नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ नागा, वोखा आणि पांगती अशी नावं दिलेल्या तीन ससाण्यांना जेमतेम पाच ग्रॅमचे उपग्रह टॅग लावले, तेव्हापासून या प्रवासाचे नकाशे लोक उत्सुकतेने बघतात. ईशान्येकडून भारत ओलांडून हे पक्षी पश्चिम किनाऱ्यावरून थेट अरबी समुद्रावर निघतात आणि सोमालियाकडे उतरतात. इथे बिंदू आर्गोस उपग्रहांकडून येतात, म्हणून प्रत्येक बिंदूची श्रेणी तपासा. श्रेणी 3 म्हणजे चूक 250 मीटरच्या आत, श्रेणी 1 दीड किलोमीटरपर्यंत, श्रेणी 0 त्याहूनही जास्त. ए आणि बीच्या अचूकतेचा भरवसा नाही, झेड तर बादच. ससाणा गोव्यावरून गेला की सिंधुदुर्गावरून, यावर वाद घालायचा असेल तर आधी त्या दिवसाचे श्रेणी 2 आणि 3 चे बिंदू वेगळे काढा.