मराठी आणि कन्नडसाठी एकच फॉर्म: ओडीकेवर गावपाहणी कशी करावी

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील कणकुंबी, जांबोटी या जंगलपट्ट्यात विहिरींची किंवा पिकांची पाहणी करताना नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. अशा ठिकाणी, वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली सुरू झालेले ओडीके (ओपन डेटा किट) हे फॉर्म भरून माहिती गोळा करण्याचे मुक्त स्रोत साधन उपयोगी पडते, कारण त्याचे ‘कलेक्ट’ हे अँड्रॉइड अ‍ॅप, फॉर्म एकदा उतरवून घेतला की, इंटरनेटशिवाय चालते.

फॉर्म साध्या स्प्रेडशीटमध्ये तयार करावा. ‘सर्व्हे’ पानावर प्रश्नाचा प्रकार, सांकेतिक नाव व लेबल लिहावे आणि ‘चॉइसेस’ पानावर उत्तरांचे पर्याय द्यावेत. लेबलाचे मराठी आणि कन्नड असे दोन रकाने ठेवल्यास फॉर्म भरतानाच भाषा बदलता येते. पर्यायाचे सांकेतिक नाव मात्र दोन्ही भाषांना एकच असते, त्यामुळे ‘ऊस’ आणि ‘कब्बु’ ही उत्तरे एकत्रच मोजली जातात. कन्नड मजकूर यंत्राच्या भाषांतरावर सोडू नये, तर त्याच भागातील कन्नड भाषकाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. यासाठी दिलेला वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

जमिनीसाठी एकर आणि गुंठे असे दोन प्रश्न ठेवावेत. एका एकराचे ४० गुंठे होत असल्याने, पूर्ण गुंठे विचारताना ० ते ३९ ही मर्यादा ‘कन्स्ट्रेंट’ रकान्यात घालावी.

पहिला प्रश्न संमतीचा असावा. भरलेले फॉर्म फोनमध्येच राहतात, म्हणून नेटवर्क मिळताच ते सर्व्हरवर पाठवावेत आणि ते पोहोचल्याची खात्री होईपर्यंत अ‍ॅप काढून टाकू नये.