पतसंस्थेत गैरव्यवहाराला वाव कुठे राहतो: संचालकांसाठी तपासणी

अपहार उघडकीला आला की संचालक मंडळ आधी माणूस शोधते. शोधायला हवे ते त्याच्यावर दबाव कसला होता, संधी कुठे मिळाली आणि त्याने मनाची समजूत कशी घातली. ही मांडणी अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांच्या 1953 च्या अभ्यासातून आली आणि पतसंस्थेलाही तंतोतंत लागू पडते.

सुरुवात उद्दिष्टांपासून करा. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ सेवा बांधायचा आग्रह धरला. ग्राहकांना न विचारता उघडलेली लाखो खाती 2016 मध्ये बाहेर आली आणि त्या प्रकरणात सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना काढल्याचे समोर आले. आपल्याकडे तेच काम ‘मार्चअखेर शून्य एनपीए’, म्हणजे एकही थकीत कर्ज नको, हा हट्ट करतो. शाखाधिकारी थकीत कर्जदाराला नवे कर्ज देऊन जुने फिटल्याचे दाखवतो. म्हणून मार्चच्या शेवटच्या 15 दिवसांत बंद झालेली कर्जे काढा आणि त्याच सुमारास किंवा एप्रिलमध्ये त्याच कर्जदाराच्या, घरच्यांच्या किंवा जामीनदाराच्या नावे निघालेल्या कर्जांशी ताडून पाहा. जोड्या बऱ्याच निघाल्या तर शाखाधिकाऱ्याला झापण्याआधी ते उद्दिष्ट कोणी ठरवले ते इतिवृत्तात बघा.

संधी सर्वांत जास्त पिग्मीत, म्हणजे एजंट रोज दारी जाऊन गोळा करतो त्या ठेवीत. एजंट खातेदाराच्या पासबुकात 200 लिहितो आणि संस्थेत 100 भरतो. पासबुक आणि खातेउतारा समोरासमोर ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. दर महिन्याला प्रत्येक एजंटची 20 खाती मुख्य कार्यालयाने निवडावीत आणि त्या शाखेशी संबंध नसलेल्या माणसाने खातेदाराच्या दुकानात जाऊन जुळवावीत. पासबुके एजंटच्याच पिशवीत राहत असतील तर तपासणी तिथूनच सुरू करा. एकच मोबाइल क्रमांक अनेक खात्यांना जोडलेला आहे का, तेही पाहा. तसे असेल तर एसएमएस खातेदाराला न जाता एजंटच्या घरी जात असतो.

तिजोरीच्या दोन किल्ल्या कागदावर दोघांकडे असतात. प्रत्यक्षात दुसरी बहुधा ‘सोयीसाठी’ त्याच टेबलाच्या खणात. रोख अचानक मोजायची तर सकाळी व्यवहार सुरू होण्याआधी, कारण रात्रीपुरती उचललेली रक्कम दुपारपर्यंत परत आलेली असते. जवळच्या दोन शाखांत एकाच वेळी मोजा, नाहीतर नोटा एका शाखेतून दुसरीत पळतात. सोनेतारणाच्या दहापैकी एक पिशवी दुसऱ्या सराफाकडून तपासून घ्या. कोणत्या पिशव्या, हे पहिल्या सराफाला कळू देऊ नका.

रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये बँकांना संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आगाऊ न सांगता, सलग किमान 10 कामाच्या दिवसांची सक्तीची रजा देण्यास सांगितले. पतसंस्थांनीही हे उचलावे. रजेच्या काळात लॉगिन बंद ठेवा, नाहीतर रजेचा उपयोग नाही. वर्षानुवर्षे एकही रजा न घेणाऱ्या रोखपालाचा सत्कार करण्याआधी त्याचे काम दोन आठवडे दुसऱ्याकडे द्या.

समजूत मात्र वरून खाली झिरपते. ‘संचालकांच्या मेव्हण्याला तारणाशिवाय मिळते, मग मी दोन दिवसांसाठी घेतले तर काय बिघडले?’ पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा एकूण कर्जाच्या 70 टक्क्यांहून अधिक एकाच समूहाकडे असल्याचे आणि ते झाकायला 21 हजारांवर बनावट खाती दाखवल्याचे पुढे आले. हे काउंटरवरच्या कारकुनाचे काम नव्हे. नातलगाचे कर्ज चर्चेला आले की संबंधित संचालकाने सभेबाहेर जावे आणि तशी नोंद व्हावी. प्रत्येक सवलतीसाठी एक वही ठेवा: रक्कम, कारण, मंजूर करणाऱ्याची सही. सही करावी लागते म्हटल्यावर निम्म्या सवलती आपोआप थांबतात, असा आमचा अंदाज आहे.

तक्रारीची वाट शाखाधिकाऱ्याला वगळून थेट लेखापरीक्षण समितीकडे असावी. तक्रार आली की संबंधिताला लगेच बोलावू नका. आधी व्हाउचर आणि रोकडवही ताब्यात घ्या, सीसीटीव्हीचे चित्रण वेगळ्या डिस्कवर काढा (बऱ्याच यंत्रांत ते काही आठवड्यांत पुसले जाते), त्याचा लॉगिन थांबवा आणि मगच त्याला समोर बसवा.