जुन्या होडीला रंधा लावण्याआधी

बडोद्यात एखाद्या वाड्याच्या पडवीत सागवानी होडी धूळ खात पडलेली सापडली, तर लगेच सुताराला बोलावू नका. अंधार पडू द्या आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा. रंगाखाली बुजलेले कोरीव आकडे, अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. मागची फळी आणि बैठकीची खालची बाजू हमखास बघा. फोटो काढून झाल्यावरच रंग खरवडा, तोही ओला करून, मास्क बांधून. जुन्या रंगात शिसं असू शकतं.

सुकलेल्या फळ्यांमधल्या फटी दिसल्या की लोक त्यात इपॉक्सी, म्हणजे सुकून दगडासारखं कडक होणारं रसायन, ठासतात. निव्वळ आततायीपणा! पाण्यात लाकूड फुगतं, कडक भराव दबत नाही आणि फळी तडकते. काही दिवस ओली गोणपाटं अंथरून ठेवा, बऱ्याच फटी आपसूक मिटतात. उरलेल्यांत सुताची वात ठोका. तांब्याच्या खिळ्यांशेजारी लोखंडी खिळा नको. तो लवकर गंजतो, भोवतालचं लाकूडही कुजवतो.

आता मालकांचा माग. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. होडी त्याआधीची आणि दरबारी असल्याचा संशय असेल, तर अभिलेखागारात चौकशी करा. मोडी वाचणारं कुणी सोबत असलेलं बरं. खाजगी असेल तर विकणाऱ्याला ‘तुमच्याकडे कुणाकडून आली?’ एवढंच विचारा आणि एकेक घर मागे जात राहा. थोरल्या काकूंना जुने अल्बम काढायला लावा. बडोद्याजवळच्या आजवा तलावाच्या सहलीच्या फोटोत माणसांमागे होडीचा नंबर दिसला, तर निम्मं काम झालं.