एसपी घेताना मागचं लेबल सगळ्यात शेवटी बघा

जुना गेम बॉय ॲडव्हान्स एसपी, म्हणजे निन्टेंडोचं मिटून खिशात टाकायचं गेम मशीन, शोधायला निघालात की त्याच्या मॉडेलचे दोन आकडे सारखे कानावर येतील: ००१ आणि १०१. दोन्ही मिटल्यावर तळहाताएवढेच, गेमही दोन्हींवर तेच चालतात. फरक आहे तो पडद्याचा. २००३ मध्ये आलेल्या एजीएस-००१ च्या पडद्यावर उजेड समोरून पडतो, त्यामुळे रंग धुवट दिसतात. २००५ च्या एजीएस-१०१ मध्ये तो मागून येतो आणि काळा रंग खरंच काळा दिसतो. म्हणूनच १०१ महाग, आणि म्हणूनच त्यात फसवाफसवी.

माझा पहिला 'एकशेएक' मी तळाचं लेबल वाचून घेतला. घरी ट्यूबलाइटखाली उघडला तर तोच धुवट पडदा. खोका, म्हणजे मशीनचं बाहेरचं प्लास्टिक, नवा, नकली. लेबलही त्याच्याबरोबरच आलेलं. आतला बोर्ड मात्र अस्सल, ००१ चा! विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

तेव्हापासून मी आधी मशीन चालू करते आणि कीपॅडच्या वर मधोमध असलेलं सूर्याच्या चित्राचं बटण दाबते. ००१ मध्ये उजेड पूर्ण जातो. १०१ मध्ये फक्त कमी-जास्त होतो, बंद होतच नाही. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून याच बटणाचा व्हिडिओ मागा. फोटोवर विसंबू नका, फोनचा कॅमेरा ००१ लाही उजळ दाखवतो. पडदा झकास, पण बटण दाबल्यावर पार अंधार होत असेल, तर ००१ मध्ये दुसरा पडदा बसवलेला असण्याची शक्यता जास्त. खेळायला तो वाईट नाही, फक्त अस्सल १०१ ची किंमत मोजू नका.

जपानहून आलेला '१०१' दिसला तर थांबा. हा प्रकार जपानात विकलाच गेला नव्हता. अमेरिकेतला मिळाला तर उत्तम. माझा आताचा पर्ल ब्लू आत्तेभावाने न्यू जर्सीहून बॅगेत मोज्यांत गुंडाळून आणला. रंगावरून मात्र पारख करू नका. बाजारात नवे खोके सगळ्या रंगांत मिळतात.

समोरासमोर घेत असाल आणि विकणारा तयार असेल तर खोका उघडून बघा. त्याला तीन पाकळ्यांचा, म्हणजे ट्राय-विंग स्क्रू-ड्रायव्हर लागतो, साधा घुसवून स्क्रू खराब करू नका. बोर्डावर 'एजीटी' ही अक्षरं असतील तर १०१, 'एजीएस' असतील तर ००१. एवढ्यावर वाद मिटतो. झाकण काढलंच आहे तर बॅटरीही बघून घ्या, फुगलेली असेल तर बदलण्याचे पैसे किमतीतून कापा. बिजागरीही दोन-चारदा उघडमीट करून पाहा. हेडफोनची साधी पिन मात्र दोन्हींत शोधू नका, ती नाहीच.

आणि ००१ ला अगदीच हिणवू नका. निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या जुन्या मशीनच्या, म्हणजे एनईएसच्या, रंगसंगतीतला जो खास एसपी निघाला, तो ००१ च आहे. शिवाय भर उन्हात उजेड बंद करूनही त्याचा पडदा वाचता येतो. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट बघताना मी अजून तो नकली खोक्यातलाच काढते. १०१ घरी कपाटात असतो.